कच्चा डाख

अचलपूरहून आलेल्या त्या कापडवाल्याने रेडिओ चादरीत बांधून आणला होता. एस.टी. स्टँडपासून राजापेठेपर्यंत तो गाठोडं पोटाशी धरूनच चालत आला असावा, कारण उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर गाठोड्याच्या आकाराचा घाम उमटला होता. देवमन स्टुलावरून उठला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. बारा वर्षं तो असेच हात पुढे करत आला होता. लोक त्यात आपला रेडिओ ठेवत, मग हाताच्या बाहीने कपाळ पुसत आणि काय बिघडलं ते सांगायला लागत. कापडवाल्याने मात्र गाठोडं थोडं आपल्याकडे ओढलं. "तुमी राहू द्या," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "बाई कुठी हायेत?" देवमन म्हणाला, "पोस्टात गेली हाय. येईन." "मंग बसतो मी," कापडवाला म्हणाला आणि भिंतीजवळच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसला. वीस मिनिटं तो तसाच बसून राहिला. देवमन पुन्हा आपल्या टेबलाशी गेला. डाख द्यायचं आयर्न तापलेलं होतं, समोरचा सेट उघडा होता, कुठली तार कुठे जोडायची तेही ठाऊक होतं. पण हात मांडीवरून उचलवत नव्हते. पाठीला डोळे फुटल्यासारखं त्याला बाकावरचा माणूस दिसत होता. त्या माणसाने काही वाईट केलं नव्हतं. त्याला फक्त शकुन हवी होती. आणि शकुन देवमनची बायको होती.

ती आली, पदराने तोंड पुसलं, गाठोडं घेतलं. कापडवाला उठून उभा राहिला. देवमनसाठी तो उठला नव्हता, हे देवमनच्या ध्यानात आलं, आणि आपल्या ध्यानात असलं काही येतं याचीच त्याला किळस आली.

पूर्णा रेडिओ कंपनी म्हणजे रस्त्याकडेच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान आणि दुरुस्ती, मधल्या खोलीत सेट जोडायची टेबलं, मागे नत्थुजी सुताराच्या रंध्याचा भुसा. मालक जानराव लढाईच्या काळात फौजेत सिग्नलवर होते. तिकडून ते एक लंगडता पाय आणि डोक्यात रेडिओ घेऊन आले. वडिलांनी दिलेली जमीन भावाच्या नावे करून त्यांनी हे दुकान टाकलं. पाटीवर कंपनी लिहिलेलं होतं, पण सगळी मिळून चार माणसं. देवमन चोपन्न साली इथे आला त्याआधी वर्षभर तो एका मोठ्या विजेच्या सामानाच्या दुकानात होता. तिथे त्याचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. इथे पहिल्याच दिवशी जानरावांनी किटलीतला चहा ओतला आणि समोर सरकवला. कप चारच होते. वेगळा ठेवायला पाचवा कपच नव्हता. पुढे कधीतरी देवमनला वाटलं होतं की जानराव मनाने मोठे म्हणून असं झालं की कंपनी लहान म्हणून, हे काही सांगता यायचं नाही. पण त्या दिवशी चहाचा घोट घशाखाली जाताना त्याने ठरवून टाकलं की आपण इथून हलायचं नाही.

आणि तो हलला नाही. एकोणसाठ साली तार खात्याचं पत्र आलं होतं, पक्की नोकरी, पेन्शन, वर्षाला दोन गणवेश. शकुनचा भाऊ उद्धव त्याच सुमाराला अकोल्याच्या कचेरीत कारकून लागला होता. तो मुद्दाम अमरावतीला येऊन दोन दिवस राहिला. "भाऊजी, सरकारी थे सरकारी," तो म्हणाला. "चार माणसाईच्या कंपनीत काय हाय? उद्या मालकाचा दुसराबी पाय गेला त तुमी कुठी जासान?" देवमनला तेव्हा उत्तर नीट देता आलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे तार खात्यातलं आपलं रूप आलं: खांबावर चढलेला, एकच तार ओढणारा, आणि त्या तारेतून काय बोललं जातं ते कधीच न कळणारा. इथे पत्र्याला भोकं पाडण्यापासून शेवटी पेटीवर पॉलिशचा बोळा फिरवण्यापर्यंत सगळा सेट त्याच्या हाताखालून जात होता. एखादी नवी जोडणी डोक्यात आली तर कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता, वळून म्हणायचं, "भाऊ, असं करून पाहू का?" आणि जानराव म्हणायचे, "पाह्य." त्या एका शब्दासाठी त्याने पेन्शन सोडलं. पहिल्यांदा सेट लागायचा तेव्हा जानराव आपली खुर्ची घेऊन त्याच्या टेबलाशी येत, एक कान पुढे करून बसत, आणि गाणं संपलं की म्हणत, "देवमन, तुया हात साजरा हाय." वर्षातून तीन-चार वेळा ते असं म्हणाले असतील. देवमनला सगळ्या वेळा पाठ होत्या.

शकुनला अक्षर त्यानेच शिकवलं होतं. छपन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर हिवरखेडच्या त्यांच्या वस्तीत जी हवा भरली होती तिच्यात सगळंच शक्य वाटत होतं; त्याने पाटी आणली, तिच्या हातात पेन्सिल दिली, आणि तिने पहिल्याच संध्याकाळी आपलं नाव लिहिलं तेव्हा तो बाहेर जाऊन शेजाऱ्यांना सांगून आला. अमरावतीत बिऱ्हाड केल्यावर एकदा कंपनीतला कॉइल गुंडाळणारा माणूस सोडून गेला. काम अडलं म्हणून देवमन तार आणि नळ्या घरी घेऊन आला. केसासारखी तार, एकाशेजारी एक, एकावर एक न चढता. शकुनने दोन दिवसांत चाळीस गुंडाळल्या. जानरावांनी एक नळी उजेडाकडे धरून फिरवली, दुसरी फिरवली. "हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं. देवमन अभिमानाने म्हणाला, "आमच्या घरी." ते वाक्य बोलतानाचा आपला आवाज त्याला अजून ऐकू येई, आणि आता तो आवाज ऐकू आला की त्याला त्या माणसाचं तोंड दाबावंसं वाटे.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात ती कंपनीत यायला लागली. त्यांची पोरगी देवमनच्या आईजवळ राही. विहारात कोणी विचारलं तर तो मोठ्याने सांगायचा, "माही बायको रेडिओ बनवते," आणि लोक कौतुकाने मान हलवायचे. त्या वर्षी ट्रान्झिस्टर आले. देवमनचा हात व्हॉल्व्हवर बसलेला होता. व्हॉल्व्ह म्हणजे अंगठ्याएवढा काचेचा दिवा, ताप सोसणारा, चुकलं तर पुन्हा करू देणारा. ट्रान्झिस्टर मुगाएवढा, तीन केसांच्या पायांवर उभा. आयर्न जरा जास्त टेकलं की आतल्या आत मरायचा, आणि मेला हे बाहेरून कळायचंही नाही. पहिल्या महिन्यात देवमनने अकरा मारले. शकुन चिमट्याने पाय धरायची म्हणजे ताप चिमट्यात उतरे, आयर्न टेकवायची, उचलायची. डाख म्हणजे वितळलेल्या कथलाचा थेंब. तार तारेला धरून ठेवतो तो तोच. तिचा थेंब ज्वारीच्या दाण्यासारखा गोल आणि चकचकीत बसे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सेटातल्या बारक्या रेझिस्टरांचं माप त्यांच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायला देवमनने सहा महिने घोकंपट्टी केली होती. ती बांगड्यांच्या दुकानात उभी असल्यासारखी पेटीत बघायची आणि हवा तो उचलायची. जानरावांची खुर्ची हळूहळू तिच्या टेबलाकडे वळली. कोणी ती मुद्दाम वळवली नव्हती. उजेड तिकडून येत होता, नवे सेट तिकडे लागत होते, म्हणून खुर्ची तिकडे. पण कंपनीत खुर्ची एकच होती.

मोठ्या कारखान्यात असं होत नसावं, असं देवमन मनाशी म्हणायचा. तिथे शंभर माणसं, दहा साहेब. एकाने कौतुक केलं नाही तर दुसरा करील. कोणी पुढे गेला तर तो दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या मजल्यावर जाईल, त्याचं पुढे जाणं रोज बघावं लागणार नाही. हेवासुद्धा तिथे वाटून जात असेल. इथे तो सगळा एकट्याच्या वाट्याला आला होता, आणि ज्याचा हेवा करायचा ते माणूस चार हातांवर बसून त्याच्याच डब्यातली भाकर मोडून त्याला देत होतं. घरी ती पीठ मळायची तेव्हा तो तिच्या बोटांकडे बघायचा. तीच बोटं होती. लग्नात हळद लागलेली, पोरीला न्हाऊ घालणारी. त्यांच्यात काही निराळं दिसत नव्हतं. ती विचारायची, "काय पाहून राहिले?" तो म्हणायचा, "काई नाई." एखादा परपुरुष मध्ये असता तर लोकांत सांगता आलं असतं, भांडता आलं असतं. बायको आपल्यापेक्षा डाख साजरा देते, हे कोणाला सांगायचं? आणि सांगणारा तो, ज्याने तिला पाटी आणून दिली.

कापडवाला येऊन गेला त्याच आठवड्यात अकोल्याच्या कचेरीचं पत्र आलं. तिथल्या ग्रामपंचायतींसाठी बॅटरीवर चालणारे चाळीस सेट घ्यायचे होते. आधी चार नमुने आणून दाखवा, मग ठरवू. जानरावांनी पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. एवढं काम कंपनीला कधी मिळालं नव्हतं. नत्थुजीने सागाच्या चार पेट्या केल्या. दोन सेट शकुनने जोडले, दोन देवमनने. सेट कोणीही जोडो, शेवटची तपासणी देवमनची, हा पहिल्यापासूनचा रिवाज. सेट सुरू करायचा, आणि लाकडी काडीने एकेका डाखाला हलकेच ठोकायचं. डाख पक्का असला तर गाणं चालू राहतं. कच्चा असला, म्हणजे वरून बसलेला पण आत न धरलेला, तर खर्र होतं. मग पेटीच्या आत निळ्या पेन्सिलीने सही.

शनिवारी दुपारी शकुनच्या दुसऱ्या सेटमध्ये खर्र झालं. अगदी बारीक, गाण्याच्या एका आलापाखाली दडलेलं. देवमनने काडी उचलली आणि पुन्हा टेकवली. खर्र. सेटातल्या मधल्या पत्र्याच्या डबीजवळचा डाख. तिचा. चकचकीत, गोल, आणि कच्चा. त्याच्या छातीत काहीतरी गोड पसरलं, ऊस चावल्यावर पसरतं तसं, आणि त्या गोडीचीच त्याला भीती वाटली. मागे नत्थुजी काहीतरी घासत होता. जानराव कागद लिहीत होते. शकुन पाठमोरी बसून आपला पदर खोचत होती. तिच्या मानेवर घामाने चिकटलेले चार केस दिसत होते. आता फक्त म्हणायचं, शकुन, हा एक पाह्य. एका मिनिटाचं काम. त्याने तोंड उघडलंही होतं. मग त्याने सेट बंद केला, पेन्सिल घेतली आणि सही केली. सही नेहमीपेक्षा ठळक आली.

सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून ते तिघं गाडीत बसले. चार सेट गोधड्यांत गुंडाळून फळीवर ठेवले होते. मूर्तिजापूरपर्यंत देवमन स्वतःशी म्हणत होता की गाडीच्या हादऱ्याने तो डाख आणखी सुटेल. मूर्तिजापूरनंतर म्हणायला लागला की डाख कधीकधी आपोआप बसतात, महिनोन्‌महिने काही होत नाही. तो सेट वाजावा असं त्याला वाटत होतं आणि वाजू नये असंही. दोन्ही खरं होतं. शकुन खिडकीशी बसून काळ्या रानाकडे बघत होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं. "भाऊ," ती जानरावांना म्हणाली, "तिथी मले बोलाव लागन का?" जानराव म्हणाले, "बाई, तुमी नका बोलू. सेट बोलन."

कचेरीतल्या लांब खोलीत एक साहेब होते, चष्मा, हळू आवाज, आणि तीन-चार सरपंच. उद्धव दारापाशी येऊन उभा राहिला होता, बहिणीला बघायला. पहिले तीन सेट वाजले. चौथा शकुनचा. तोही वाजला, नागपूर केंद्रावरचा बाजारभाव स्वच्छ ऐकू आला, सरपंचांनी माना डोलावल्या. देवमनने श्वास सोडला. मग साहेबांनी सेट उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, एवढंच. खर्र झालं आणि आवाज गेला. जानरावांचा चेहरा राखेसारखा झाला. देवमनला जे वाटेल असं वाटलं होतं त्यातलं काहीच वाटलं नाही. ना गोड, ना कडू. फक्त उद्धवची नजर बहिणीवरून आपल्यावर आलेली जाणवली.

शकुन पुढे झाली. कोणाची परवानगी तिने विचारली नाही. तिने पेटीचं पाठ उघडलं, आत पाहिलं. निळी सही बरोबर तिच्या नाकासमोर असणार. ती सहीकडे किती वेळ बघत राहिली ते देवमनला कळलं नाही, कदाचित क्षणभरच. मग ती साहेबांना म्हणाली, "हा सेट म्या जोडला. डाख कच्चा राह्यला. चूक माही हाय. आयर्न लावाले जागा द्या." शिपायाने टेबलपंख्याचा प्लग काढून दिला, तिने पिशवीतलं आयर्न तिथे लावलं. पाच मिनिटांत तिने डाख उतरवून पुन्हा दिला, सेट उलटा केला, आडवा केला, टेबलावर आपटला. बाजारभाव चालू राहिले. साहेब चष्मा काढून तिच्याकडे बघत होते. "गावात सेट बिघडला तर हे असं कोण करून देणार, हाच आमचा प्रश्न होता," ते म्हणाले. "बाई, तुम्ही गावोगावच्या दोन-चार पोरांना शिकवाल का?" शकुनने जानरावांकडे पाहिलं. जानरावांच्या चेहऱ्यावर रक्त परत येत होतं. चाळीस सेटचं काम मिळालं. ज्या खड्ड्यात ती पडावी म्हणून देवमन गप्प बसला होता, त्यातूनच ती वर चढून उभी राहिली होती, आणि सगळी खोली तिच्याकडे बघत होती. त्याला शरम वाटायला हवी होती. आधी हेवाच वाटला.

कागदपत्रांसाठी जानराव अकोल्यालाच थांबले. परतीच्या गाडीत देवमन आणि शकुन समोरासमोर बसले. ऊन अजून उतरलं नव्हतं. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेलं. मग शकुन खिडकीकडे बघतच म्हणाली, "तुमी तपासलं म्हून म्या दुसऱ्यांदा नाई पाह्यलं." देवमनने पाय बाकाखाली ओढले. "तुमाले ऐकू आलं व्हतं न?"

नाही म्हणता आलं असतं. काडी नेमकी तिथेच लागली नाही, गाणं मोठं होतं, नत्थुजी घासत होता. "आलं व्हतं," देवमन म्हणाला.

"मंग काहून नाई बोलले?"

"नाई बोललो."

तिने मान हलवली, जणू हिशेब तिच्या मनात होता तसाच जुळला. मग ती म्हणाली, "तुमच्या सेटमधे मले पाच वेळा सापडलं. ट्रान्झिस्टरच्या सेटात. तुमी सही करून ठेवले का मी जेवाच्या सुट्टीत नीट करून ठेवत जाओ."

"भाऊले सांगतलं?"

"नाई."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले बरं वाटलं नसतं." ती आता त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, पण तोही दमलेला. "म्या तुमच्यासाठी झाकलं. तुमी माह्यावर झाकलं. लोकाईले सांगतलं त दोन्ही एकच वाटन."

देवमन खाली बघत राहिला. पाच वेळा. कोणते पाच, हे विचारायची हिंमत झाली नाही. ती जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून, दाराकडे एक कान ठेवून, त्याच्या सेटवर वाकलेली त्याला दिसली. आणि संध्याकाळी घरी येऊन काहीच न बोलता पीठ मळणारी. तो तिच्या बोटांकडे बघत होता तेव्हा ती हे पोटात घेऊन बसली होती. आणि गाडीच्या खडखडाटात त्याला स्पष्ट कळलं की त्या गप्प बसण्याचाही त्याला हेवा वाटतो आहे. डाखाचं एक वेळ जमेल, हे आपल्याला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी जानराव परत आले. देवमन त्यांच्या खुर्चीपाशी गेला. मोठ्या कारखान्यात अशा गोष्टीला कागद लागला असता, खातं असतं, तक्रारीची खिडकी असती. इथे चार पावलं चालायची होती. "भाऊ," तो म्हणाला, "अकोल्याच्या सेटातला आवाज मले शनिवारीच ऐकू आला व्हता. म्या सही केली." रंधा थांबला. जानराव त्याच्याकडे बघत राहिले. ते एकदम म्हातारे झाल्यासारखे दिसले. "बाईले माहीत हाय?" त्यांनी विचारलं. "हाय." जानरावांनी लंगडा पाय हाताने उचलून दुसरीकडे ठेवला. "पोटावर पाय देत व्हता तू," ते म्हणाले. "तुया, माह्या, नत्थुजीच्या. चौघाईच्या." मग ते शकुनच्या टेबलाकडे वळले. "आजपासून तपासनी बाई करन. तुये सेटबी. राह्याचं असन त राह्य."

त्या दिवशी तार खात्याचं ते पत्र देवमनला पुष्कळदा आठवलं. दुसरीकडे जायचं तर वय चाळिशीला टेकलेलं, हातात व्हॉल्व्हची विद्या. पण थांबला तो त्यामुळे नव्हे. सेट अर्धा जोडून झाला होता, आणि तो कसा लागतो ते त्याला बघायचं होतं.

शुक्रवारी त्याने चाळिसातला आपला पहिला सेट तिच्या टेबलावर ठेवला. जानराव तिथेच होते, नत्थुजी पेटी घेऊन दारात उभा होता. शकुनने सेट सुरू केला आणि काडी उचलली. एक, दोन, तीन. देवमन हात मागे बांधून उभा राहिला. त्याला तिची मान दिसत होती आणि काडी. सातव्या की आठव्या डाखाला खर्र झालं. अगदी बारीक, दुसऱ्या कोणाच्या कानाला लागलंही नसतं. काडी थांबली. तशीच काडी पुढे नेऊन जेवणाच्या सुट्टीची वाट बघणं शकुनच्या हातात होतं, आणि क्षणभर देवमनला तेच हवं होतं, सगळ्या जिवाने हवं होतं.

"हा कच्चा हाय," शकुन म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्याच्याकडे बघून. "पुन्हा द्या."

त्याचे कान तापले. जानराव खिडकीबाहेर बघायला लागले. देवमनने सेट उचलला, आपल्या टेबलावर नेला आणि आयर्नचं बटण दाबलं. ते तापायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो बसून राहिला. मग वळून म्हणाला, "ट्रान्झिस्टरचे पाय चिमट्यानं कुठी धरतं तू? वर का खाली?"

"खाली," ती म्हणाली. "पत्र्याजवळ." आणि ती पुढचा सेट उघडायला लागली.